इंदुरात गच्चीवर मातीविना भाजी: कोणतं सामान घ्यावं, कोणतं टाळावं

गच्चीवर मातीविना भाजी लावायची असं ठरलं की पहिला फोन जातो तो तयार संच विकणाऱ्याला. तो पाईप, पंप, मीटर, खत, रोपं असं सगळं एका रकमेत बांधून सांगतो. रक्कम ऐकून निम्मी मंडळी तिथेच थांबतात. उरलेली संच घेतात आणि मे महिन्यात थांबतात, कारण तो संच आपल्या उन्हाचा आणि आपल्या पाण्याचा विचार करून बनवलेला नसतो.

हा लेख रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर किंवा इंदूरच्या कुठल्याही वस्तीतल्या दोनशे ते पाचशे चौरस फुटांच्या गच्चीसाठी आहे. शेतावर मोठं काम करायचं असेल त्यांच्यासाठी पुढे एक वेगळा भाग आहे. पुण्या-मुंबईच्या याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे कोरडा आणि पारा चाळिशीच्या वर, जूनच्या तोंडावर वावटळी, मग तीन महिने दमटपणा, थंडीत काही रात्री दहा अंशांच्या खाली, आणि वर्षभर बोरिंगचं जड पाणी.

कुठलीही वस्तू हातात घेतली की स्वतःला तीन गोष्टी विचारा. हिला ऊन लागणार का? हिला खताचं पाणी लागणार का? हिच्यावर वजन किंवा वारा येणार का? उन्हातल्या वस्तूला यूव्ही संरक्षण हवं, पाण्यातली वस्तू पाण्यात काही सोडणारी नको, आणि भार पेलणारी वस्तू पोलादी हवी. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर स्वस्तातली घ्या, काही बिघडत नाही.

१. आधी पाणी तपासा

एकही पाईप घेण्याआधी हे करा. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून वर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी बोरिंगपेक्षा बरंच मऊ असतं, पण अनेक भागांत ते एक दिवसाआड येतं. त्यामुळे बहुतेक घरांत खालच्या टाकीत नर्मदा आणि बोरिंग एकत्र होतात. तुमच्या टाकीत नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

प्रयोगशाळेत नमुना देताना ‘पिण्याच्या पाण्याची तपासणी’ एवढंच सांगू नका. ईसी, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा), बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराईड हे सात आकडे मागा. बायकार्बोनेट खास सांगून लिहून घ्या, कारण पीएच रोज वर चढवणारा तोच असतो. बोरिंगची मोटर दहा मिनिटं चालू ठेवून मग स्वच्छ बाटली काठोकाठ भरायची.

ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, इथले आकडे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये आहेत. मूळ पाण्याची ईसी ०.५ च्या खाली असेल तर उत्तम, ०.८ पर्यंत चालवून घेता येतं. १.० च्या वर गेली की मऊ पाणी मिसळावंच लागतं. कारण सरळ आहे: पालेभाजीला एकूण १.२ ते १.८ ईसी पुरते. बोरिंगनेच दीड भरून टाकली तर खताला जागाच उरत नाही, आणि ती भरलेली जागाही सोडियम आणि चुन्याने अडवलेली असते.

मऊ पाणी कुठून आणायचं? नळ येईल त्या दिवशी नर्मदेचं पाणी वेगळ्या टाकीत भरा आणि रात्रभर झाकण उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. दुसरा मार्ग पावसाचा. शंभर चौरस फुटांच्या स्वच्छ छतावरून आपल्याकडच्या पावसाळ्यात सहा-सात हजार लिटर पाणी सहज मिळू शकतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, त्यात वर्षाची धूळ आणि कबुतरांची कृपा असते. इथे एक सापळा आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं ‘वाया जाणारं’ पाणी लोक मोठ्या काटकसरीने साठवतात आणि रोपांना घालतात. त्या नळीतून मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार येतात. ते पाणी अंगण धुवायला ठीक आहे, मुळांना नको.

२. गच्ची किती भार घेते

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो चल भार धरतात. पाचशे लिटरची टाकी एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभी राहते, म्हणून ती स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका. खाली कॉलम किंवा तुळई आहे अशा कोपऱ्यात ठेवा. शक्य असेल तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या दोन कोपऱ्यांत. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या, लाकडी कडीपाटाच्या घरांत गच्चीवर हा उद्योग करूच नये. तिथे अंगण किंवा चौक बघा.

३. पद्धत ठरवा, कारण सामान तिच्यावर आहे

एनएफटी, म्हणजे उतरत्या चपट्या नळीतून पाण्याचा पातळ पदर सतत वाहता ठेवायचा. फोटोत हीच पद्धत दिसते आणि नवे लोक हिच्याच प्रेमात पडतात. थंडीत लेट्यूस, पालक, पुदिना यांना ती छान आहे. पण पंप बंद पडला की मुळांपाशी काही शिल्लक नसतं. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर तासा-दोन तासांत रोपं माना टाकतात.

बादली पद्धत, म्हणजे दहा-बारा लिटरच्या बादलीत कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा गिट्टी भरायची आणि ठिबकने खत-पाणी द्यायचं. टोमॅटो, काकडी, सिमला मिरचीला हीच घ्या. माध्यमात ओल राहते, त्यामुळे अर्धा दिवस वीज नसली तरी निभावतं.

तिसरी पद्धत स्थिर पाण्याची. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. झाकणबंद डब्यात खताचं पाणी, झाकणाच्या भोकात रोप. पाणी कमी होत जातं तशी वरची मुळं हवा घेतात आणि खालची पाणी. पंप नाही, वीज नाही. पहिल्या हंगामात दहा-बारा डबे असेच लावून पाहा असं मी सगळ्यांना सांगते. संच विकणारे याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यात विकायला काही नसतं.

४. पॉलीहाउस नको, नेटहाउस घ्या

या मुद्द्यावर माझं कुणाशी ना कुणाशी वाजतं. गच्चीवर पारदर्शक फिल्मचं बंद घर उभारायची इंदुरात गरज नाही. शेतावरच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलीहाउसची छपराच्या पन्हळीपर्यंतची उंचीच चार मीटरच्या वर असते आणि माथ्यावर गरम हवा बाहेर जायला मोकळी जागा ठेवलेली असते. गच्चीवर आपण सात-आठ फुटांच्या वर जात नाही. मग खालून तापलेला स्लॅब, वरून ऊन, आणि मध्ये कोंडलेली हवा.

पंखा आणि ओल्या पॅडने थंड करता येतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याचा परिणामही चांगला होतो. पण जुलैत आपला कूलर जसा नुसता ओला वारा फेकतो, तसंच इथे होतं. शिवाय जड पाण्याने पॅडवर चुन्याचे थर बसतात आणि विजेचं बिल भाजीच्या किमतीला मागे टाकतं.

आपल्याला खरं तर तीन गोष्टी हव्यात: कडक उन्हाला सावली, किडींना अडथळा, आणि पावसाळ्यात खताच्या पाण्यात पाऊस न पडणं. पहिल्या दोन जाळीने भागतात. तिसरीसाठी फक्त छपरापुरती, जून ते सप्टेंबर चढवायची आणि मग गुंडाळून ठेवायची फिल्म पुरते.

५. सांगाडा

जीआय पाईप २ मिलिमीटर जाडीचा घ्या. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत ‘जीआय’ म्हणून बऱ्याचदा जीपी पाईप दाखवतात. दोन्ही चकचकीत दिसतात. जीपीवर जस्ताचा थर पातळ असतो, तर गरम जस्तात बुडवून काढलेल्या जीआयवर जाड आणि थोडा खडबडीत. जाडी तोंडी विचारू नका, सोबत व्हर्नियर कॅलिपर ठेवा आणि कापलेल्या टोकावर मोजा. दुकानदार हसला तर हसू द्या.

वेल्डिंग शक्यतो टाळा. वेल्डिंगने जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. क्लॅम्प आणि नट-बोल्टने जोडा. म्हणजे घर बदललं तर सांगाडाही सोबत नेता येतो. वेल्डिंग करावंच लागलं तर त्या जागी जस्ताचा रंग दोन हात मारा.

पायासाठी स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग जातं. जुन्या रंगाच्या बादल्यांत पाईप उभे करून काँक्रीट ओता आणि वरचा सांगाडा कठड्याच्या भिंतीला आतल्या बाजूने क्लॅम्पने बांधा. मे-जूनची वावटळ छप्पर दाबत नाही, ते उचलते. सगळी बांधणी ‘वर उडू नये’ या हिशेबाने करायची. बांबू स्वस्त पडतो आणि एक-दोन हंगाम चालतो. प्रयोगापुरता घ्यायला हरकत नाही.

६. फिल्म आणि जाळ्या

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते.

फिल्म २०० मायक्रॉनची, यूव्ही स्थिर केलेली घ्यावी. बाजारात गेजमध्ये बोलतात, २०० मायक्रॉन म्हणजे साधारण ८०० गेज. हरितगृहाच्या फिल्मसाठी आयएस १५८२७ हे भारतीय मानक आहे. रोलवर त्याचा शिक्का, उत्पादकाचं नाव आणि वॉरंटीचा काळ छापलेला हवा. साधारण तीन वर्षांची वॉरंटी देतात. साधी बांधकामाची पारदर्शक ताडपत्री दिसायला तशीच असते, पण एका उन्हाळ्यात पापडासारखी तुटते. ‘यूव्हीवाला ही है भिया’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

जाडी तपासायची घरगुती युक्ती सांगते. पॉलिथिनची २०० मायक्रॉनची फिल्म एका चौरस मीटरला साधारण १८५ ग्रॅम भरते. नमुन्याचा तुकडा मोजून कापा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि गुणाकार करा. दीडशे ग्रॅमच्या आसपास आली तर ती २०० मायक्रॉनची नाही. फिल्म किलोवर विकतात, म्हणून हा हिशेब खरेदीतही उपयोगी पडतो: एका किलोत सव्वापाच ते साडेपाच चौरस मीटर.

फिल्म फिट करायची ती प्रोफाइलची पट्टी आणि प्लास्टिकचा थर असलेली झिगझॅग स्प्रिंग वापरून. खिळे आणि तारांनी फिल्म फाटते. उन्हात तापलेल्या पाईपला फिल्म जिथे टेकते तिथे ती आधी कुजते, म्हणून त्या पाईपवर पांढरा रंग किंवा पांढरी टेप लावा. वारा नसलेल्या सकाळी चढवा. थेंब न टपकण्याचा लेप असलेली फिल्म असेल तर कोणती बाजू आत हे तिच्यावर छापलेलं असतं, ते वाचूनच पसरा. आणि फिल्मखाली गंधकाची फवारणी करू नका. गंधकाने आणि क्लोरीनच्या औषधांनी यूव्ही संरक्षण लवकर मरतं, वॉरंटीही जाते.

पॉलीकार्बोनेट शीट घ्यायची हौस असेल तर यूव्ही थर असलेली बाजू वर ठेवा आणि पोकळ कडा टेपने बंद करा, नाहीतर आत शेवाळ धरतं. उन्हाने ही शीट बरीच वाढते, स्क्रूची भोकं थोडी मोठी ठेवावी लागतात. माझ्या मते गच्चीसाठी हा खर्च जास्तीचा आहे.

आता जाळ्या. शेडनेट ३५, ५०, ७५, ९० टक्के अशी मिळते. आकडा अडवलेल्या उन्हाचा. ‘जास्त सावली बरी’ म्हणून ७५ घेणारे पुष्कळ, आणि मग रोपं लांबुडकी, फिकी होतात. भाजीसाठी ५० पुरे, फळभाजीला ३५. हिरवी आणि काळी जाळी ऊन शोषून स्वतः तापते, पांढरी आणि चंदेरी ऊन परतवते. उन्हाळ्यात चंदेरीचा फरक अंगाला जाणवतो, पण किंमतही तशीच. चपट्या पट्टीपेक्षा गोल धाग्याची जाळी वाऱ्यात जास्त टिकते. शेडनेट कायमची ठोकू नका, सरकती ठेवा. डिसेंबरात रोपांना सगळं ऊन हवं असतं.

किडींची जाळी वेगळी. तिचा आकडा म्हणजे एका इंचातली भोकं. पांढऱ्या माशीला ४० मेश पुरते. फुलकिड्यांसाठी ५० लागते, पण तेवढ्या बारीक जाळीतून वारा कमी येतो, म्हणून गच्चीवर ४० वरच थांबा. छपरावर नुसती शेडनेट टाकून बाजूंना महागडी किडींची जाळी लावलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. माशी वरून येते. छपरालाही किडींची जाळी लावा, आणि तिच्या वर हातभर अंतर सोडून शेडनेट. दाराला दुहेरी पडदा हवाच.

७. मुळांना लागणारं प्लास्टिक

एनएफटीसाठी १०० बाय ५० मिलिमीटरची, सपाट तळाची, खाद्य दर्जाची पांढरी चॅनेल सगळ्यात चांगली. गोल पाईपमध्ये पाणी मध्यावर जमतं, कडेच्या मुळांना मिळत नाही. तरी गोल पाईपच घ्यायचा असेल तर पिण्याच्या पाण्यासाठीचा, आयएस ४९८५ छापलेला घ्या. सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाईप (त्यावर आयएस १३५९२ असतं) स्वस्त पडतो, पण तो खाण्याच्या कामासाठी बनवलेला नाही. पीव्हीसीत स्थिर राहण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगं सर्रास घालत. त्याला आळा घालणारे केंद्र सरकारचे नियम २०२१ साली आले. म्हणून भंगारातला जुना पाईप, कितीही मजबूत वाटला तरी, नको.

नळीतून प्रकाश आत गेला तर शेवाळ येतंच. पाईपमधून मोबाईलचा टॉर्च आरपार दिसला तर बाहेरून आधी काळा आणि मग पांढरा रंग द्या. उतार १०० ला २ ठेवा, लांबी दहा मीटरच्या आत, दर नळीला मिनिटाला एक ते दोन लिटर पाणी. पीव्हीसी उन्हात मऊ होऊन मध्ये झोळ धरते, म्हणून दर तीन-चार फुटांवर आधार.

टाकी अपारदर्शक, पांढरी किंवा बाहेरून पांढरी. काळी टाकी उघड्या उन्हात ठेवली की दुपारी पाणी हाताला चटका देईल इतकं तापतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो (२५ अंशांना लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्याही खाली) आणि त्याच वेळी मुळांची गरज वाढलेली असते. मुळं तपकिरी होऊन कुजतात ती बहुधा यामुळे. टाकी जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा.

सांवेर रोड आणि पीथमपूरच्या कारखान्यांतून निघालेले निळे ड्रम कबाडीकडे स्वस्तात मिळतात. ड्रम चांगला एचडीपीईचा असतो, प्रश्न त्यात आधी काय होतं हा आहे. आम्ल, सॉल्व्हंट, कीटकनाशक यांचा अंश धुऊनही जात नाही. मूळ लेबल शाबूत असेल आणि त्यावर ग्लुकोज सिरप किंवा फळांचा अर्क असं काही असेल तरच घ्या. लेबल खरवडलेला ड्रम फुकट दिला तरी नको.

धातू? खताचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यात जस्त आणि तांबं विरघळतं आणि थोडं जास्त झालं तरी मुळं जळतात. म्हणून जीआयचे निपल, पितळी वाल्व, तांब्याची नळी पाण्याच्या मार्गात कुठेही नको. प्लास्टिकचे वाल्व, आणि स्क्रू लागलेच तर स्टेनलेस स्टीलचे.

८. माध्यम: कोकोपीट आणि गिट्टी

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे पाच-सहा बादल्या. ‘लो ईसी’ लिहिलेली घ्या आणि घरी तपासा. थोडा भाग पाऊण तास भिजवून पिळलेल्या पाण्याची ईसी ०.५ च्या आसपास यायला हवी. दोन-तीन आली तर ती वीट खाऱ्या पाण्यात मुरलेल्या सोडणांची आहे.

नुसतं धुऊन काम पुरं होत नाही. कोकोपीटच्या कणांना सोडियम आणि पोटॅशियम चिकटलेले असतात. खत दिलं की हे कण त्यांना सोडून कॅल्शियम पकडून ठेवतात आणि टोमॅटोच्या बुडाला काळे डाग पडतात. उपाय: दहा लिटर पाण्यात वीस-पंचवीस ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात कोकोपीट एक दिवस बुडवून ठेवा, निथळा आणि साध्या पाण्याने धुवा. हा एक दिवस बहुतेक जण वाचवतात आणि पुढे दोन महिने पानांचे फोटो लोकांना पाठवत बसतात.

परलाईट (भाजून फुगवलेला हलका, पांढरा खडक) तीस टक्के मिसळलं तर मुळांना हवा चांगली मिळते. भाजलेल्या मातीच्या गोळ्या छान, पण महाग. स्वस्तात हवी तर माळव्याची काळ्या दगडाची बारीक गिट्टी आहेच, फक्त आधी चुना तपासा. मूठभर गिट्टीवर व्हिनेगर किंवा लिंबू पिळा, फसफसली तर परत करा, कारण ती पीएच वर ओढत राहील. गिट्टी जड असते, दुसरा मुद्दा विसरू नका.

शेणखत, गांडूळखत टाकीत घालू नका. याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, त्यामुळे कंपोस्टचा अभिमान आपल्याला असणारच. पण त्याची जागा मातीत आहे. खताच्या टाकीत ते सडतं आणि ड्रिपर बुजवतं. दोन हंगाम वापरलेलं कोकोपीट मात्र खुशाल कंपोस्टच्या ढिगात घाला.

९. पंप आणि मीटर

पंप निवडताना वॉट बघू नका, ‘हेड’ बघा: पाणी किती उंच चढतं. डब्यावर लिहिलेल्या हेडच्या निम्म्या उंचीवर काम ठेवा. उन्हाळ्याआधी प्रत्येक दुकानात टांगलेला कूलरचा पंप लहान मांडणीला चालतो. मात्र एक जादा आणून ठेवा, कारण तो बंद पडण्याआधी काही कळवत नाही. पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारं बटण) हवंच. ओल्या गच्चीवर उघडा एक्स्टेंशन बोर्ड जिवाशी खेळ आहे.

पीएच आणि ईसीचे मीटर वेगवेगळे घ्या. मीटर जुळवून घ्यायला सोबत पीएच ४ आणि ७ चं बफर द्रावण, आणि ईसीसाठी १.४१३ चं द्रावण. नुसता टीडीएस मीटर गोंधळात टाकतो, कारण काही मीटर ईसीला ५०० ने गुणतात तर काही ७०० ने. पीएच मीटरचं टोक कोरडं ठेवलं की ते मरतं.

१०. खत

बाजारात मिळणारं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळतं म्हणून लोक तेच टाकीत घालतात. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो फोडतात, आपल्या टाकीत ते काम नीट होत नाही. त्यात कॅल्शियमही नसतं.

छावणीच्या बाजूला खत-बियाण्यांच्या दुकानांत सुटी खतं विचारा. मऊ पाण्याच्या १०० लिटरला पालेभाजीसाठी सुरुवात अशी: कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ३५ ग्रॅम, ०:५२:३४ हे १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या मात्रेने. मूळ पाण्यावर साधारण दीड ईसी चढेल. तुमच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर पहिलं खत कमी करा. पहिल्या मुद्द्यातला तो अहवाल इथे कामाला येतो.

कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण वेगळ्या बाटलीत, बाकीची दुसऱ्या बाटलीत. घट्ट असताना एकत्र केली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ खाली बसतो. कॅल्शियम नायट्रेटचं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, ऑगस्टच्या दमटपणात त्याचं पाणी होतं.

लोह कोणत्या रूपातलं आहे ते पाकिटावर वाचा. ईडीटीए आणि डीटीपीए ही लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारी संयुगं. ईडीटीए पीएच ६.५ च्या वर टिकत नाही, डीटीपीए सातच्या थोडं वरपर्यंत टिकतं. जड पाणी असलेल्यांनी डीटीपीए घ्यावं. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा, त्यासाठी फॉस्फोरिक आम्ल. नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही, आणि चष्मा-हातमोजे घालून. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच दोन दिवसांत परत वर येतो.

११. शेतावर मोठं करायचं असेल तर

केंद्राच्या एकात्मिक बागवानी विकास मिशनखाली पॉलीहाउस आणि शेडनेटला अनुदान आहे. मध्य प्रदेशात अर्ज उद्यानिकी विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. तयार ठेवायची कागदपत्रं: आधार, समग्र आयडी, खसरा आणि बी-१ ची नक्कल, भू-अधिकार ऋण पुस्तिका, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला, पाण्याचा अहवाल आणि ठेकेदाराचं मोजमापासह अंदाजपत्रक. जमीन एकत्र कुटुंबाच्या नावावर असेल तर बाकी हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. जुन्या मराठी घरांच्या शेतांचं इथेच अडतं.

मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत खांब रोवू नका. काम आधी सुरू केलं तर अनुदान हातचं जाऊ शकतं. ‘अनुदान आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. बिलावर पाईपची जाडी, फिल्मचे मायक्रॉन आणि मानकाचा क्रमांक लिहून घ्या, नुसतं ‘पॉलीहाउस १ नग’ नको. काळ्या मातीत पाया जास्त खोल लागतो, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. ठेकेदार बाहेरचा असेल तर हे त्याला तुम्हीच सांगा.

१२. काय कधी घ्यायचं

जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचा अहवाल काढा आणि पावसाचं पाणी भरा. या दिवसांत व्हर्नियर, डिजिटल काटा, दोन्ही मीटर, बफर, मोजपात्र, टेप, पाना, ड्रिल आणि ५० मिलिमीटरचं होल-सॉ एवढी हत्यारं जमवा. होल-सॉ (गोल भोक पाडायचं पातं) घेताना रोप बसवायचा जाळीचा प्याला सोबत न्या, मापात दोन मिलिमीटरचा फरकही प्याला आत पाडतो.

सप्टेंबरात सांगाडा आणि किडींची जाळी. मग नळ्या आणि टाकी जोडून आठवडाभर नुसतं साधं पाणी फिरवा. गळती, झोळ, पंपाचा आवाज सगळं तेव्हाच कळतं. ते पाणी फेकून द्या, सोल्व्हंट सिमेंटचा वास त्यातून जाईल.

ऑक्टोबरात पहिलं बी टाका: पालक, लेट्यूस, आणि पोह्यांसाठी कोथिंबीर. टोमॅटो पहिल्या वर्षी दोन-चार बादल्यांपुरतेच. शेडनेट मार्चपर्यंत घेऊच नका, तोवर तुमच्या गच्चीवर ऊन कुठून किती येतं हे तुम्हाला दिसलेलं असेल आणि मापही बरोबर येईल. पावसाळी फिल्म मेच्या शेवटी आणून ठेवा, पण चढवा ती वावटळी ओसरल्यावर.